सही करण्याआधी समोरच्याचं ऐका: सहीचा अधिकार असलेल्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना खुलं पत्र

प्रति,
राज्यातले सगळे तहसीलदार, प्रांत, पुरवठा अधिकारी, मुख्याधिकारी, वॉर्ड ऑफिसर आणि ज्यांच्या एका सहीने कुणाचं दुकान, कुणाचं घर, कुणाची नोकरी जाते असे सगळे साहेब आणि मॅडम,

स.न.वि.वि.

मी एका तहसील कचेरीच्या गेटबाहेर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवते, अकरा वर्षं झाली. तुमच्याकडून निघालेले कागद लोक माझ्याकडे घेऊन येतात आणि तुमच्याकडे जाणारे अर्ज, खुलासे, अपिलं माझ्या कीबोर्डवरून जातात, त्यामुळे तुमची भाषा मला आता पाठ झालीये, ज्याअर्थी कुठे येतं, त्याअर्थी कुठे येतं, सबब कुठल्या परिच्छेदात येतं, सगळं. वकील नाही मी. पण रोज तेच बघून बघून एक गोष्ट मनात साठलीये ती तुमच्याशी थेट बोलायचीये, मध्ये कुणी नको, म्हणून हे खुलं पत्र.

निर्णय विरोधात गेला म्हणून रडत येणारे लोक माझ्याकडे तसे कमी आहेत. जास्त लोक येतात ते "ताई, माझं ऐकूनच घेतलं नाही" असं म्हणत येतात. हरल्याचं दुःख माणूस पचवतो हो, शेतकरी माणूस तर दर दोन वर्षांनी पचवतो, पण आपल्याला न विचारता आपल्याबद्दल ठरवलं गेलं हे पचत नाही, ते वर्षानुवर्षं डोक्यात राहतं.

आता माझ्या घरचंच सांगते. गावाचं, ऑफिसचं, साहेबांचं नाव मी लिहिणार नाही, कुणाला बदनाम करायचं नाहीये. आमच्या आईच्या बचत गटाकडे स्वस्त धान्य दुकान होतं, तीनशेच्या वर कार्डं. एक दिवस पुरवठा खात्याची तपासणी झाली, पंचनाम्यावर आईची सही घेतली, पण प्रत दिली नाही, "ऑफिसातून मिळेल" म्हणाले. मग कारणे दाखवा नोटीस आली. नोटिशीवर तारीख 3, सुनावणीची तारीख 10, पाकिटावर पोस्टाचा शिक्का 9 आणि आमच्या हातात पडली 12 ला. आत मजकूर काय, तर आपल्या दुकानाच्या तपासणीत गंभीर त्रुटी आढळून आल्या आहेत, तरी आपले प्राधिकारपत्र (म्हणजे दुकानाचा परवाना) रद्द का करण्यात येऊ नये याचा खुलासा करावा, मुदतीत खुलासा न आल्यास आपले काही एक म्हणणे नाही असे समजून एकतर्फी निर्णय घेण्यात येईल. बस. कुठल्या त्रुटी, किती, कुठल्या महिन्याच्या, एक शब्द नाही.

तुम्हीच सांगा, अशा नोटिशीला माणूस काय उत्तर लिहिणार? मी स्वतः टायपिंग करते, शेकडो खुलासे लिहिलेत, तरी त्या रात्री आईचा खुलासा लिहायला बसले तर दुसऱ्या ओळीच्या पुढे जाता येईना, कारण आरोपच माहिती नव्हता. शेवटी "माझ्याकडून जाणूनबुजून कोणतीही चूक झालेली नाही" असं काहीतरी लिहिलं. सगळेच हेच लिहितात, मी पण तेच लिहिलं.

13 ला आई स्वतः गेली. साहेब म्हणाले तारीख होऊन गेली, पण आलाच आहात तर बोला. आईने हातातल्या पिशवीत वाटपाचं रजिस्टर नेलं होतं, निळ्या कव्हरचं, लांब, त्यात मशीनला रेंज नसायची त्या दिवसांत कुणाला किती दिलं ते तिने तारखेनिशी लिहून सह्या-अंगठे घेतलेले. साहेबांचा फोन चालू होता. ज्या निरीक्षकाने तपासणी करून रिपोर्ट दिला तो साहेबांच्या शेजारच्याच खुर्चीत बसलेला, साहेबांनी आईला काही विचारलं की उत्तर तोच द्यायचा. तीन-चार मिनिटं. रजिस्टर पिशवीतून बाहेर निघालंच नाही. आई बाहेर आली, निरीक्षक आतच राहिला आणि दार लागलं. ते लागलेलं दार मी बाकड्यावर बसून बघत होते, मला ते अजून दिसतं.

दोन महिन्यांनी आदेश आला, तोवर त्या साहेबांची बदली झालेली, सही नव्या साहेबांची, ज्यांनी आईला कधी बघितलंच नव्हतं. आदेश अडीच पानी, त्यातली दोन पानं म्हणजे वाचले 1, वाचले 2, कुठला शासन निर्णय, कुठलं परिपत्रक. तिसऱ्या परिच्छेदात आमच्या गावाऐवजी दुसऱ्याच गावाचं नाव, म्हणजे आधीच्या कुणाच्या तरी आदेशावरून कॉपी-पेस्ट केलेलं. आणि आईच्या बाबतीत काय तर एक ओळ, सदर खुलासा संयुक्तिक वाटत नसल्याने प्राधिकारपत्र रद्द करण्यात येत आहे. साठ्यात 1 क्विंटल 85 किलोचा फरक होता हे आम्हाला पहिल्यांदा त्या आदेशात कळलं. म्हणजे ज्या आरोपावर शिक्षा झाली तो आरोप शिक्षेच्याच कागदात वाचला.

मी हे आई निर्दोष होती म्हणून लिहीत नाहीये हं. ती होती की नव्हती, किती होती, हे ठरवायचीच तर पद्धत असते ना काहीतरी, आणि ती पद्धत झाली नाही एवढंच माझं म्हणणं आहे.

या पद्धतीला कायद्यात नैसर्गिक न्याय म्हणतात. नाव भारी वाटतं पण आत साध्या गोष्टी आहेत. ज्याच्या विरोधात ठरवायचं त्याला आधी नीट सांगा काय आरोप आहे, त्याचं ऐका. जो ठरवतोय त्याचा त्या प्रकरणात स्वतःचा हात नको. आणि ठरवलं ते का ठरवलं ते लिहा. हे कुणी नव्याने शोधलेलं नाही, परकं तर अजिबात नाही. मराठेशाहीतले वतनाच्या भांडणांचे महजर आणि निवाडपत्रं वाचून बघा, पाटीलकीचा वाद असो की शिवेचा, आधी एका बाजूची तकरीर, म्हणजे लेखी म्हणणं, मग दुसऱ्या बाजूची तकरीर, निवाडा मान्य करू म्हणून दोघांचे राजीनामे, साक्षी, कागद, आणि मग निर्णय, आणि हे सगळं त्याच निवाड्यात उतरवून ठेवलेलं. समोरच्याने काय म्हटलं ते लिहिल्याशिवाय निवाडा पुरा होत नसे. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, सगळं बोरूने लिहावं लागायचं.

तुमच्यातले बरेच जण म्हणतात की आमच्या कलमात सुनावणी द्या असं कुठे लिहिलंय. 1863 सालची लंडनमधली केस आहे, वॉन्ड्सवर्थ भागातली. एका माणसाने घर बांधायला घेतलं, नियम असा की बांधायच्या सात दिवस आधी बोर्डाला कळवायचं, आणि न कळवता बांधलं तर बोर्डाने पाडावं. बोर्डाने त्याला एका शब्दाने न विचारता संध्याकाळी उशिरा माणसं पाठवून घर पाडलं. कायद्याच्या शब्दांत बघितलं तर बोर्ड बरोबर होतं, पाडायच्या आधी ऐकून घ्या असं त्यात कुठेच नव्हतं. तरी तो माणूस जिंकला, कोर्ट म्हणालं कायदा करणाऱ्यांनी जे लिहायचं सोडलं ते न्याय भरून काढेल. दीडशे वर्षांच्या वर झाली या गोष्टीला. आपल्याकडे 1978 ला मनेका गांधी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच पक्कं केलं, त्यांचा पासपोर्ट जप्त केला आणि कारण विचारलं तर जनहितासाठी सांगता येत नाही असं उत्तर दिलं होतं सरकारने. कलमात सुनावणीचा शब्द नसला तरी ती धरूनच चालायची, कायद्याने साफ नाही म्हटलं असेल तरच वेगळं. तेव्हा "कलमात नाही" हे उत्तर आता कुणी देऊ नये.

आणि आपल्या मुंबईचंच बघा ना. 1981 च्या पावसाळ्यात सरकारने जाहीर केलं की फूटपाथवर राहणाऱ्यांना उठवून गावाला पाठवायचं, जुलै महिना, धो धो पाऊस. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ओल्गा टेलिस केस म्हणतात तिला, निकाल 1985 चा, लिहिलाय सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी, आपल्या पुण्याचे. महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात कलम 314 आहे, त्यात आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण काढता येतं असं लिहिलंय. महापालिकेचं म्हणणं असं की यांना ऐकून उपयोग काय, फूटपाथवर राहायचा हक्क कुणालाच नाही, मग हे सांगणार तरी काय. कोर्टाने ते मानलं नाही. म्हणाले नोटीस न देता काढता येतं याचा अर्थ नोटीस द्यायचीच नाही असा होत नाही, तो अपवादासाठी दिलेला अधिकार आहे, नियम म्हणजे ऐकणं. आणि ऐकून फायदा होणार नाही हे ऐकायच्या आधी तुम्ही कसं ठरवलं? त्याच निकालात एक फार मोलाचा विचार आहे, की माणूस ही वस्तू नाही, त्याचं काय करायचं हे ठरवताना निदान त्याला विचारलं तरी पाहिजे, आणि हा विचारण्याचा मान निकाल काहीही लागला तरी त्याचा असतो.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आईची पिशवी आठवली. तिला दुकान गेल्यापेक्षा रजिस्टर उघडलं नाही याचं जास्त लागलं होतं आणि मला तेव्हा कळत नव्हतं का.

त्या निकालाचा शेवट मात्र मला अजून टोचतो. एवढं सगळं लिहून कोर्टाने शेवटी म्हटलं की या लोकांचं म्हणणं आता आम्ही ऐकलं, म्हणजे सुनावणी झाली, आणि 31 ऑक्टोबर 1985 नंतर, पावसाळा संपल्यावर, त्यांना उठवायला परवानगी दिली. तिथे माझं पटत नाही. सुप्रीम कोर्टाने ऐकणं आणि ज्या अधिकाऱ्याच्या हातात काठी आहे त्याने खाली उतरून एकेकाचं ऐकणं यात फरक आहे, कोण किती वर्षं राहतंय, कुणाचं लेकरू आजारी आहे, कुणाला दोन दिवस दिले तर गावाला जाता येईल, हे दिल्लीत कसं कळणार. पण तत्त्व त्यांनी पक्कं केलं आणि ते आजही तुमच्यावर बंधनकारक आहे.

आता अलीकडचं. 13 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने बुलडोझरबद्दल निर्देश दिले, न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांचं खंडपीठ, गवई साहेब आपल्या अमरावतीचे. बांधकाम पाडायच्या आधी रजिस्टर पोस्टाने नोटीस, शिवाय घरावर पण डकवायची, मिळाल्यापासून 15 दिवस द्यायचे, नोटिशीत नेमकं काय बेकायदा आहे ते लिहायचं, प्रत्यक्ष सुनावणी घ्यायची आणि त्यात काय बोललं गेलं ते लिहून ठेवायचं, आदेशात कारणं द्यायची, आदेशानंतर पुन्हा 15 दिवस, पाडताना व्हिडिओ काढायचा. रस्ता, फूटपाथ, रेल्वेलाईन, नदी-नाल्यालगतची जागा आणि कोर्टानेच पाडायला सांगितलेली बांधकामं यांना हे लागू नाही, ते वेगळं. पण सगळ्यात महत्त्वाची मला वाटली ती एक छोटी तरतूद, नोटीस बजावली की लगेच कलेक्टर ऑफिसला ईमेल करायचा आणि तिकडून आपोआप पोच आली पाहिजे. कशासाठी? तर मागची तारीख टाकून नोटीस काढल्याचा आरोप होऊ नये म्हणून. म्हणजे देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाला मागच्या तारखा माहिती आहेत! मी माझ्या काउंटरवरून पाकिटावरचे शिक्के बघत बसते, 3 तारखेचं पत्र 9 तारखेला पोस्टात पडतं हे मला वाटायचं फक्त मलाच दिसतं.

आणि चारच महिन्यांनी, मार्च 2025 मध्ये, नागपुरात दंगलीतल्या आरोपीचं घर पाडलं गेलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने थांबवलं, आणि नंतर महापालिकेने कोर्टात माफी मागितली की सुप्रीम कोर्टाचे हे निर्देश आमच्या अधिकाऱ्यांना माहितीच नव्हते, वरून परिपत्रक आलं नव्हतं. आता तुम्हीच विचार करा, माझ्या दुकानात एखादा आजोबा एक दिवस उशिरा अपील घेऊन येतो तेव्हा त्याला "मला माहिती नव्हतं" म्हणायची सोय असते का? परिपत्रक येईपर्यंत थांबू नका हो. मोबाईलवर सगळं वाचायला मिळतं.

निरीक्षक शेजारच्या खुर्चीत बसलेला होता ते वर लिहिलं, त्याच्याबद्दल थोडं. 1969 ची क्रायपाक केस आहे, जम्मू-काश्मीरच्या वनखात्यातली. भारतीय वनसेवेत कुणाला घ्यायचं ते ठरवणाऱ्या निवड मंडळावर जो अधिकारी बसला होता तो स्वतःच एक उमेदवार होता. त्याचं नाव आलं तेव्हा तो बाहेर गेला, बाकी सगळ्यांच्या वेळी आत होता, आणि यादीत त्याचं नाव वर आलं. सुप्रीम कोर्टाने पूर्ण निवड रद्द केली. त्याने खरंच काही गडबड केली का हे शोधत बसायची गरज नाही, अशा जागी बसलेल्या माणसाचं मन झुकणारच, माणूस आहे तो. मग ज्याने रिपोर्ट लिहिला तो साक्षीदार झाला ना साहेब. त्याने समोर बसावं, त्याला पण आईसारखेच प्रश्न विचारावेत, आणि आई बाहेर गेली की त्याने पण बाहेर जावं. यात त्याचा अपमान काही नाही.

ऐकणारा एक आणि सही करणारा दुसरा, हे पण जुनं दुखणं आहे. 1958 ची आंध्रातली केस, बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाची, सुनावणी घेतली सेक्रेटरीने आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी. कोर्ट म्हणालं, एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने ठरवायचं असेल तर सुनावणी हा नुसता देखावा राहतो. तुमच्या बदल्या होतात, तुमच्या हातात नसतं, मान्य. पण बदली झाली तर नव्या साहेबांनी एक तारीख लावून पुन्हा ऐकावं, नाहीतर निदान रोजनामा एवढा नीट लिहिलेला असावा की वाचून कळेल काय बोलणं झालं. आईच्या रोजनाम्यात काय होतं माहितीये? "संबंधित हजर. म्हणणे ऐकले." चार शब्द.

हे सगळं वाचताना तुमच्यातल्या कुणाला वाटेल की ही बाई आपल्या विरोधात आहे. नाहीये मी. तुम्हाला स्वतःला याची गरज लागते तेव्हा काय होतं तेही मी बघितलंय, विभागीय चौकशी लागलेले कर्मचारी माझ्याकडेच टायपिंगला येतात, तेव्हा त्यांचा चेहरा आणि आजोबांचा चेहरा सारखाच असतो. नांदेडला एक जनमाहिती अधिकारी होते, माहिती वेळेत दिली नाही म्हणून माहिती आयोगाने त्यांच्यावर शिस्तभंगाच्या कारवाईची शिफारस केली. सुनावणीची तारीख पुढे द्या असा त्यांचा अर्ज होता, त्यांचं म्हणणं न ऐकताच आदेश झाला. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि 2012 मध्ये कोर्टाने तो आदेश रद्द केला, म्हणाले नोटीस, सुनावणी आणि कारणं, यातलं काहीच सोडता येत नाही. सरकारी अधिकारी, सरकारी आयोगाच्या विरोधात, आणि त्याला वाचवलं ते याच तत्त्वाने. जे तुम्हाला हवं तेच आम्हाला हवंय.

आता कारणांबद्दल जरा जास्त लिहिणार आहे कारण माझं पोटच यावर भरतं, अपिलं टाईप करून. "खुलासा संयुक्तिक वाटत नाही", "खुलासा समाधानकारक नाही", "सबब अर्ज निकाली काढण्यात येतो". या ओळींवर अपील लिहिणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं असतं. का संयुक्तिक नाही ते लिहा ना. रजिस्टर खोटं वाटलं? मग तसं लिहा. सह्या जुळल्या नाहीत? कुठल्या ते लिहा. माणूस निदान तेवढ्याला उत्तर देईल, आणि वरच्या अधिकाऱ्याला पण कळेल काय तपासायचं. आणि खरं सांगू, कारण लिहायला बसलं की कधीकधी आपलं आपल्यालाच कळतं की कारण नाहीये. नंतर मात्र कारणं जोडायला जाऊ नका. आईच्या अपिलात ऑफिसने जे उत्तर दाखल केलं त्यात दोन नवेच आरोप होते, भावफलक लावला नव्हता आणि दुकान वेळेवर उघडत नव्हतं, जे ना नोटिशीत होते ना आदेशात.

याच्यावर पण मुंबईचीच जुनी केस आहे. अंधेरीत एकाला सिनेमा थिएटर बांधायचं होतं, पोलीस कमिशनरने 1947 मध्ये परवानगी दिली आणि नंतर सरकारने सांगितलंय म्हणून रद्द केली. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, नागपूर हायकोर्टातून वर गेलेले, त्यांनी लिहिलं की सरकारी आदेशाचा अर्थ त्या आदेशात जे लिहिलंय त्यावरूनच लावायचा, माझ्या मनात काय होतं हे अधिकाऱ्याने नंतर सांगून चालणार नाही. आणि अधिकार कायद्याने कमिशनरला दिलाय तर कमिशनरने स्वतःच्या डोक्याने ठरवावं, वरून सांगितलं म्हणून नाही. पुढे 1977 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हेच उचलून धरलं आणि म्हणाले आदेश म्हणजे काही जुनी दारू नाही, वय वाढेल तसा चांगला व्हायला. वरून फोन आला की काय करायचं हे तुम्हाला मी काय सांगणार, तुमची अडचण मला समजते, पण कायदा तुमच्या बाजूने उभा आहे एवढं लक्षात असू द्या.

कामाचा बोजा आहे, मी बघते ना. एका नायब तहसीलदाराकडे किती टेबलं असतात, निवडणूक, पंचनामे, दाखले, वाळूच्या गाड्या, रात्री आठलाही लाईट चालू असते. आणि लोकही काही साधे नसतात, तारखांवर तारखा मागणारे, नोटीस घ्यायला दार न उघडणारे, मुद्दाम वकील बदलणारे. अशांना दोन संधी दिल्या की बास, पुढे जा, तसं लिहून ठेवा आणि पुढे जा. आणि जिथे खरंच वेळ नसतो, पावसाळ्यात इमारत कलंडलीये, खव्यात भेसळ सापडलीये, तिथे आधी कारवाई करा आणि लगेच नंतर ऐका, कायदा त्याला नाही म्हणत नाही. पण रेशन दुकान काही कलंडत नाही हो. जी फाईल आधीच चार महिने टेबलावर पडलीये तिच्यात सुनावणीच्या दिवशीच एवढी घाई कशी होते, हे मला अकरा वर्षांत कळलेलं नाही.

मला काय पाहिजे ते सांगते, आणि यातल्या कशालाच नवीन शासन निर्णय लागत नाही. नोटिशीत आरोप नीट लिहा, आकड्यानिशी, आणि ज्या रिपोर्टवरून नोटीस काढली त्याची प्रत सोबत जोडा, माझ्याकडे झेरॉक्स दोन रुपयाला पान आहे, पैसे नसतील तर मी फुकट काढून देईन. तारीख टाकाल त्याच दिवशी पाकीट पोस्टात पडू द्या, आणि मुदत मोजायची ती नोटीस मिळाल्यापासून मोजा. नोटीस घेण्यास नकार दिला असा शेरा मारायच्या आधी माणूस खरंच गावात होता का ते बघा, आमच्याकडे दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, घराला कुलूप, आणि कुलपाला "नकार" म्हणून नोंद होते. सुनावणीला आलेल्या बाईला बसायला सांगा. तिच्या पिशवीत काय आहे ते विचारा.

आईचं काय झालं ते राहिलं. अपिलाला चौदा महिने लागले, तेवढे महिने आमच्या गावचे लोक, म्हाताऱ्या बायका, चार किलोमीटरवर दुसऱ्या दुकानात जात होते. अपिलात आदेश रद्द झाला आणि पुन्हा सुनावणी घेऊन निर्णय द्या म्हणून प्रकरण परत आलं. या वेळचे साहेब वेगळे होते, तरुण, नवीनच लागलेले. त्यांनी आधी रिपोर्टची प्रत दिली, आठवड्याने बोलावलं, निरीक्षकाला आईच्या बाजूला बसवलं आणि म्हणाले, "मावशी, दाखवा काय आणलंय ते." आईने रजिस्टर काढलं. ते पान पान उलटत गेले, पेन्सिलने छोट्या खुणा करत, मध्येच विचारायचे ही सही कुणाची, हा अंगठा कुणाचा, या दिवशी रेंज नव्हती असं म्हणता तर मशीनमध्ये दुपारी दोन नोंदी कशा. आईने सांगितलं, दुपारी थोडा वेळ आली होती. पाऊण तास चाललं. शेवटी 1 क्विंटल 40 किलोचा हिशोब लागला, 45 किलोचा नाही लागला. आदेशात तसंच लिहिलं, का लागला आणि का नाही लागला ते, आणि अनामत रकमेतला काही भाग जप्त करून दुकान परत दिलं.

घरी आल्यावर मी म्हटलं 45 किलोसाठी अपील करूया, मी टाईप करते. आई नको म्हणाली, तेवढं माझं चुकलं असेल.

ते रजिस्टर आता भरलंय, नवीन सुरू झालंय. जुन्यावरच्या पेन्सिलच्या खुणा तिने खोडलेल्या नाहीत.

आपली,
तहसीलबाहेरची टायपिंगवाली